मॅलकी शॉर्टलचा वर केलेला हात

किल्डोरन गावानं आयर्लंडला एक थोर क्रिकेटपटू दिला. आयर्लंडनं तो संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे पावाची गाडी घेऊन निघाला, कारण थोर माणसं परत आली तरी गावाला पाव लागतोच. मी शाळेच्या फाटकाशी उभा होतो. समोरच्या दारात कॉमरफर्डबाई हात पुसत आली.

“काय रे मॅलकी, पाव गाडीत आहे, की झुडपाखाली ठेवून आलास?”

“गाडीत आहे, बाई.”

“नाही म्हटलं, झुडपाखाली असला तर राहू दे बापडा. आम्ही बटाट्यावर भागवू.”

“एक देऊ की दोन?”

“दोन दे. आणि तो हात खाली घे बाबा. मला वाटलं चौकार गेला.”

हात वरच्या फळीवरचे पाव काढायला वर गेला होता. मॅलकीनं दोन पाव दिले, टोपीला बोट लावलं आणि घोड्याला चुचकारलं. पुढच्या दारात म्हातारा मॅकइव्हॉय हाच विनोद तयार ठेवून उभा होता. बदनाम झालेला वकील चार दिवस घरात बसू शकतो. बदनाम झालेल्या पाववाल्याला त्याच सकाळी गावातल्या प्रत्येक दारात जावं लागतं.

मी किल्डोरनच्या संघात अकराव्या क्रमांकावर खेळायचो. मी शाळामास्तर, मला बेरीज येते, आणि बेरीज येणारा माणूस संघात असावा असं कर्नल प्रायरसाहेबांचं मत होतं. मैदान साहेबांचं, चेंडू साहेबांचे, चहाही साहेबांचाच. झाड मात्र साहेबांचं नव्हतं.

ते मैदानाच्या कडेला नव्हतं, आतच होतं. साहेबांच्या वडिलांनी कुरण मोडून मैदान केलं तेव्हा बाकीची झाडं पाडली, पण त्या एकट्या काटेरी झाडाला कुऱ्हाड लावायला पंचक्रोशीत माणूस मिळाला नाही. असं एकटं उभं असलेलं काटेरी झाड त्या मंडळींचं असतं. कुठल्या मंडळींचं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही आणि त्यांचं नावही घेत नाही. नुसतं ‘ती मंडळी’ म्हणायचं, जरा आवाज उतरवून, सारा वसूल करायला आलेल्या अंमलदाराबद्दल बोलावं तसं.

मग तडजोड झाली. चेंडू झाडाखाली गेला की तो त्यांचा. क्षेत्ररक्षकानं फांद्यांच्या सावलीच्या अलीकडे थांबायचं आणि हात वर करायचा. पंच चौकार देई, साहेब पुटपुटत पेटीतून नवा चेंडू काढत आणि खेळ पुढे चालू होई. पाहुण्या संघांना हे नाणेफेकीच्या वेळीच सांगितलं जाई. तेही आसपासच्या गावांतलेच असत. माना हलवत, आणि चार धावा आयत्या मिळत असूनही मुद्दाम त्या बाजूला कुणी मारत नसे.

मॅलकी डावखुरा संथ गोलंदाज होता. त्याचा चेंडू वाटेत कुणाशी तरी दोन शब्द बोलून येतोय असं वाटायचं. त्याचा धाकटा भाऊ अँब्रोज फलंदाजी करायचा. एका ऑगस्टमध्ये कॅलनच्या संघाशी सामना चालू असताना चेंडू झाडाखाली गेला. मॅलकी जवळ होता. तो थांबला, त्यानं हात वर केला. मागून अँब्रोज हसत धावत आला.

“हात काय वर करतोस, शाळेत आहेस का?” असं म्हणून तो त्याच्या बगलेखालून पुढे गेला, गुडघ्यांवर रांगत झाडाखाली शिरला आणि चेंडू दातांत धरून बाहेर आला. कर्नलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅलनच्या फलंदाजानं त्या चेंडूवर खेळायला नकार दिला.

फेब्रुवारी लागताना येणाऱ्या सेंट ब्रिजिडच्या सणाआधी अँब्रोज गेला. डॉक्टर म्हणाले छातीचा आजार. गावानं डॉक्टरांचं ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला आणि आपलं मत बदललं नाही.

सगळ्यात पक्कं मत त्याच्या आईचं होतं. “शवपेटीत होतं ते लाकूड,” ती म्हणायची. “माझा मुलगा त्यांनी नेला. नेलेलं माणूस मरत नसतं.” तिनं काळे कपडे घातले नाहीत. घराण्याच्या कबरीच्या दगडावर त्याचं नाव कोरू दिलं नाही. जेवणाच्या टेबलावर त्याची बशी रोज उपडी मांडलेली असे. तिचं म्हणणं साधं होतं. ती मंडळी माणसं नेतात तशी सोडतातही, फक्त त्यांचा मान राखला पाहिजे. त्यामुळे दर सामन्याला ती झाडाजवळच्या दगडी गडग्यावर विणकाम घेऊन बसायची आणि कुणी आत जात नाही ना, हे बघायची. कुणी हात वर केला की तिच्या लेखी अँब्रोज घराच्या थोडा जवळ आला.

मॅलकी तेव्हापासून, गोलंदाजी नसेल तेव्हा, झाडाजवळची जागा कुणाला देत नसे. आणि एक झालं. तो स्वतः क्षेत्ररक्षण लावायचा तेव्हा झाडाकडच्या बाजूला मध्येच एक जागा मोकळी सोडायचा.

“मास्तर, तिथं नको. जरा डावीकडे सरका.”

“का रे? फटका इथूनच जाणार.”

“तिथं उभं आहे कुणीतरी.”

चर्चमध्ये एखादी जागा घेतलेली आहे असं सांगावं इतक्याच साध्या आवाजात तो हे सांगायचा. मी शिकलेला माणूस आहे, असल्या गोष्टी मानत नाही. मी डावीकडे सरकत असे.

एका जूनमध्ये इंग्लंडहून हौशी गृहस्थांचा एक संघ डब्लिनला खेळायला आला. आयर्लंडचा नेहमीचा डावखुरा गोलंदाज त्या आठवड्यात लग्न करत होता, आणि कर्नलसाहेबांची निवड समितीत ओळख होती. मॅलकीनं पावाची गाडी तीन दिवस चुलतभावाकडे दिली. मी रजा काढून त्याची पिशवी धरायला गेलो.

पहिल्या दिवशी त्यानं चार गडी बाद केले. हे आता कुणाला आठवत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंग्रजांची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना सात धावा हव्या होत्या. त्यातला एक जण इतका लठ्ठ होता की तो यष्टींसमोर उभा राहिला की यष्टी दिसत नसत. मॅलकी दूर कोपऱ्यात उभा होता. त्या कोपऱ्याला सीमारेषा नव्हती. कुंपणापर्यंत मैदानच, धावा पळून काढायच्या. आणि कुंपणापाशी बागेत असतं तसलं एक दाट झुडूप होतं.

लठ्ठ माणसानं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू मॅलकीच्या डावीकडून, काही घाई नसल्यासारखा, गवतातून गेला आणि झुडपाखाली शिरला. मॅलकी छान धावला. झुडपापर्यंत पोचला आणि थांबला. आणि त्यानं हात वर केला.

पंच बघत राहिले. त्यांना हा हात माहीत नव्हता. कप्तान डब्लिनचा बॅरिस्टर होता. तो आधी सभ्यपणे ओरडला, “शॉर्टल, चेंडू.” मग ओरडला, “शॉर्टल, काय झालं? साप आहे का?” हा प्रश्न आयर्लंडमध्ये कुणी विचारू नये, इथे साप नाहीत, पण तो घाईत होता. इंग्रज पळत होते. लठ्ठ माणूस चौथ्या धावेनंतर खेळपट्टीच्या मधोमध दम खायला थांबला, त्यानं आमच्या मॅलकीकडे पाहिलं, आणि अजून वेळ आहे असं बघून पुन्हा पळाला. यष्टिरक्षक हातमोजे फेकून अख्खं मैदान ओलांडत निघाला. तो पोचेपर्यंत सामना संपला होता.

“काय केलंस हे?” बॅरिस्टरनं विचारलं.

“त्यांचा आहे तो, साहेब,” मॅलकी म्हणाला. हात अजून वरच होता.

संध्याकाळच्या वर्तमानपत्रात आलं की आयर्लंडनं सामना परीराज्याला बहाल केला. शेजारी व्यंगचित्र होतं. त्यात मॅलकीला गाढवाचे कान होते, आणि नाक, खरं सांगायचं तर, बरंच जमलं होतं.

गाडीच्या डब्यात आम्ही दोघंच होतो. कार्लो स्टेशनपर्यंत तो टोपी गुडघ्यावर फिरवत बसला. मग म्हणाला, “मास्तर, तुम्हालाही वाटतं का मी घाबरलो?”

“सवयीनं झालं असेल.”

“सवय नाही. मी नीट विचार केला तिथं. वेळ पुष्कळ होता, तो जाड्या बसला होता जवळजवळ.” तो खिडकीबाहेर बघत होता. “मला माहीत होतं, आत गेलो तर काही होणार नाही. चेंडू मिळेल, मी बाहेर येईन, उद्या पाव वाटेन.”

“मग का नाही गेलास?”

“म्हणूनच. मी गेलो आणि मला काही झालं नाही, तर अँब्रोजला तरी काय झालं होतं? मग तो नुसता मेला.” तो पुढे म्हणाला, “आई तिथं गडग्यावर बसून आहे. तिला काय सांगू, की तो मेलाय, मी डब्लिनला जाऊन खात्री करून आलोय?”

घरी पोचलो तेव्हा म्हातारी चुलीपाशी विणत होती. जूनमधला दिवस, बाहेर अजून उजेड होता. टेबलावर तीन बश्या होत्या, एक उपडी.

“काय झालं?”

“हरलो.”

“तुझ्यामुळे?”

“चेंडू झुडपाखाली गेला, आई. मी हात वर केला.”

तिनं सुया मांडीवर ठेवल्या. “डब्लिनलाही आहेत ते?”

“हो.”

“आणि तो? दिसला?”

मॅलकीनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “दिसला,” तो म्हणाला. “बरा आहे. अंगानं जरा भरलाय.”

“तिकडं खायला चांगलं मिळत असेल,” ती म्हणाली, आणि मला म्हणाली, “बसा मास्तर, चहा घ्या.”

तो खोटं बोलला की नाही, हे मला सांगता येणार नाही. तो मोकळी सोडायचा त्या जागेवर मी कधी उभा राहिलो नाही.

गावात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. फादर हेनबरींनी रविवारी वेदीवरून अंधश्रद्धेचा खरपूस समाचार घेतला, आणि मिस्सा संपल्यावर ते घरी गेले ते झाडाला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेनं. हर्लिंग हा आमचा काठी-चेंडूचा देशी खेळ; त्या हर्लिंगवाल्यांचा चिटणीस मार्टिन टायनन याला तर पर्वणीच होती. इंग्रजांचे खेळ खेळणाऱ्याला, आणि नुसते बघणाऱ्यालाही, हर्लिंगमधून काढून टाकायचा नियम होता. त्यामुळे बघायला कोण आलंय हे टिपायला टायनन आमच्या प्रत्येक सामन्याला कुंपणामागे उभा असायचा. हळूहळू त्याला फिरकी कळायला लागली होती.

“देशाची लाज घालवलीस,” तो मॅलकीला दुकानासमोर म्हणाला. “इंग्रजांचा खेळ, इंग्रजांशी खेळलास, आणि त्यांनाच जिंकून दिलंस.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? डोळ्यांनी बघितलं.”

“डब्लिनला होतास?”

“नावं टिपायला,” टायनन म्हणाला. मग जरा पुढे झुकून हळू आवाजात म्हणाला, “पहिल्या दिवशीचा तिसरा गडी, तो आत वळवलास ना, कसा रे?”

मॅलकीनं त्याला पावावर बोटं ठेवून दाखवलं.

कर्नलसाहेबांना मात्र हसणं जमेना. डब्लिनच्या क्लबात लोक त्यांना बघून हात वर करायचे. हिवाळाभर हे चाललं. मे महिन्यात, मोसमातल्या पहिल्या सामन्याआधी, त्यांनी मॅलकीला आणि मला तंबूत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. एका कानानं बहिरा होता आणि दुसऱ्यानं आपल्याला हवं तेच ऐकायचा.

“शॉर्टल, मी समितीशी बोललोय. पोरगा चांगला आहे म्हणतात. त्यांना नुसती खात्री हवी आहे.”

“कसली, साहेब?”

“आज चेंडू झाडाखाली गेला तर तो तू आणायचा. सगळ्यांदेखत. मी पत्र लिहितो, जुलैत स्कॉटलंडविरुद्ध तू खेळशील. एवढं सोपं आहे.”

“आणि नाही आणला तर?”

“तर तू चांगला पाववाला आहेस,” साहेब म्हणाले. त्यांना ते टोचून म्हणायचं नव्हतं. त्यांना खरंच पाव आवडायचा.

बाहेर आल्यावर मी मॅलकीला म्हटलं, “सरळ आहे की. चेंडू तिकडे गेलाच नाही तर प्रश्नच नाही.”

“जाईल,” तो म्हणाला. “गडग्याकडे बघा.”

म्हातारी येऊन बसली होती. झाड पांढऱ्या फुलांनी इतकं भरलं होतं की फांद्या दिसत नव्हत्या. समोर किल्केनीच्या छावणीतल्या शिपायांचा संघ होता. कुंपणामागे टायनन. बातमी फुटली होती, कारण साहेब बहिरे असल्यामुळे गुप्त गोष्टही ओरडून सांगत. अख्खं गाव आलं होतं, हर्लिंगवालेसुद्धा, आणि टायननला इतकी नावं टिपणं शक्य नसल्यामुळे त्यानं तो नाद सोडून दिला होता.

चहाच्या आधी एका सार्जंटनं चेंडू उचलून मारला. तो जमिनीवर आपटला, एकदा उडाला आणि फुलांखाली दिसेनासा झाला.

मॅलकी गेला. एरवी जिथं थांबायचे तिथं तो थांबला नाही. सावलीच्या कडेवर गेला, मग सावलीत. इतक्या जवळ अँब्रोजनंतर कुणी गेलं नव्हतं. गडग्यावर म्हातारी उठून उभी राहिली.  विणकामाचा गुंडा मांडीवरून पडून गवतात घरंगळत गेला, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मॅलकी वाकला. त्याचा एक हात फांदीपर्यंत गेलेला मला दिसला. तो तसाच वाकून होता, एखाद्या बुटक्या दारातून आत कोण आहे हे पाहावं तसा.

मग तो सरळ झाला, चार पावलं मागे आला, आमच्याकडे वळला आणि त्यानं हात वर केला.

“शॉर्टल,” कर्नलसाहेब मैदानाच्या मधूनच ओरडले, “आण तो.”

हात वरच.

“जुलै, शॉर्टल.”

मॅलकीनं मान हलवली, अगदी थोडी, जणू दारावर कुणी तरी नको असलेलं काही विकायला आलंय. म्हातारी खाली बसली.

तेव्हा साहेब स्वतः निघाले. पाय आपटत मैदान ओलांडून गेले, टोपी फेकली आणि झाडात शिरले. बराच वेळ नुसत्या फांद्या हलत होत्या. मग एक चेंडू बाहेर आला. मग दुसरा. मग काळे पडलेले, उसवलेले, शेवाळलेले, एकामागून एक. ‘हा थॉमसटाउनचा,’ कुणीतरी पुटपुटलं. ‘हा त्या वादळाच्या दिवसाचा.’ कित्येक वर्षांचे चौकार आमच्यासमोर गवतात पडत होते. शेवटी साहेब बाहेर आले, केसांत फुलं, गालावर ओरखडा. त्यांनी हातातला नवा चेंडू मॅलकीच्या पायाशी टाकला आणि म्हणाले, “काही नाही आत.”

शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

गाव साहेबांच्या मरणाची वाट बघू लागलं. वाईट हेतूनं नाही, फक्त निकाल काय लागतो ते बघायला. उन्हाळा गेला, हिवाळा गेला. साहेबांची तब्येत सुधारली. बहिऱ्या कानानं थोडं ऐकू यायला लागलं, असंही काही लोक म्हणत. मी एकदा म्हातारीला भीतभीत विचारलं.

“प्रॉटेस्टंटांना ते नेत नाहीत, मास्तर,” ती म्हणाली.

“का?”

“करायचं काय त्यांचं?”

गावाला हे पटलं. पुढे झाडाजवळची जागा प्रॉटेस्टंट खेळाडूला द्यायची असं ठरलं. असे खेळाडू दोन होते. साहेब, आणि त्यांच्या चर्चचे पाद्री, रेक्टर. रेक्टर सत्तरीचे होते आणि वाकले की कुणीतरी उठवावं लागे. मॅलकी इकडच्या बाजूला आला. जुलैत स्कॉटलंडविरुद्ध दुसराच कुणीतरी खेळला. त्यानं एकही गडी बाद केला नाही, हे मॅलकीला टायनननं मुद्दाम घरी येऊन सांगितलं.

आणखी चार मोसम मॅलकी आमच्यासाठी खेळला. मग युद्ध आलं. छावणीतले शिपाई गेले, आमचे पाच जण गेले, टायननचा भाऊसुद्धा गेला. परत कोण आलं ते सांगायला फार वेळ लागत नाही. युद्ध संपल्यावर साहेबांनी एक सामना ठरवला. आमचे सातच जण जमले. समोरच्यांचे आठ. मॅलकीच्या हातात चेंडू होता आणि तो क्षेत्ररक्षण लावत होता.

“मास्तर, जरा मागे. आणखी मागे.”

“अरे, इथं बाकी कुणीच नाही. एवढं मोठं मैदान मोकळं पडलंय.”

त्यानं सगळीकडे एकदा नजर फिरवली. “मोकळं कुठलं,” तो म्हणाला. “मला तुम्हाला उभं करायला जागा सापडत नाहीये.”

तो त्या मैदानावरचा शेवटचा सामना. यादवीच्या वर्षी साहेबांचं घर जळालं, साहेब इंग्लंडला बहिणीकडे गेले आणि तिथून मॅलकीला दर नाताळला एक कार्ड पाठवत राहिले. जमीन वाटली गेली. झाड असलेला तुकडा कुणी घेईना, तो मॅलकीनं घेतला आणि त्यात मेंढ्या सोडल्या. म्हातारी आता चालू शकत नव्हती. तो तिला रविवारी पावाच्या गाडीत बसवून तिथं आणायचा. ती विचारायची, “कुणी गेलं नाही ना आत?” तो म्हणायचा, “नाही, आई.” मेंढ्यांबद्दल ती विचारत नसे.

ती गेली तेव्हा अख्खं गाव आलं होतं. कबरस्तानातून लोक पांगले. मॅलकी गावाकडे न जाता मैदानाकडे वळला, म्हणून मीही वळलो. तो झाडापाशी गेला, टोपी माझ्या हातात दिली, आणि न थांबता, अंगातल्या काळ्या कोटासह, वाकून आत शिरला. मी बाहेर उभा होतो. फांद्या हलल्या नाहीत. हाक मारावी की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि माझ्या डावीकडे कुणी आहे का, हेही मी वळून पाहिलं नाही.

तो बाहेर आला. कानाला काटा लागून थोडं रक्त आलं होतं.

“काय आहे?”

“लेंड्या,” तो म्हणाला.

आम्ही गडग्यावर बसलो. मेंढ्या चरत होत्या. तो म्हणाला, “दगडावर अँब्रोजचं नाव घालायला सांगितलंय.”

“आईच्या नावाखाली?”

“वर. तो आधी गेला.”

“अजून दिसतो?”

त्यानं मैदानाकडे पाहिलं. एखाद्या जागेवर नजर थांबते का, म्हणून मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. थांबली नाही.

“नाही,” तो म्हणाला. मग टोपी मागून घेतली, पण डोक्यावर घातली नाही. “मास्तर, तो आत गेला ना झाडाखाली, त्या ऑगस्टमध्ये. त्याच्या आदल्या नाताळापासूनच खोकत होता तो. आम्ही एका बिछान्यात झोपायचो, मला ठाऊक होतं. रोज झोपायच्या आधी त्याच्या छातीला बदकाची चरबी चोळायची.”

“कोण चोळायचं?”

“आई.”